सहाची हजेरी

न्यूयॉर्क शहराच्या सफाई खात्याचा दिवस सकाळी सहाच्या हजेरीने सुरू व्हायचा. गाड्या उभ्या असायच्या त्या गराजमध्येच माणसं गोळा व्हायची, नावं पुकारली जायची, कोणी कुठल्या गाडीवर जायचं ते ठरायचं. मुंबईत भल्या पहाटे महापालिकेच्या चौकीसमोर मुकादमाभोवती जमलेला घोळका ज्याने पाहिलाय, त्याला हे चित्र परकं वाटणार नाही. २४ जुलै १९७९ पासून या हजेरीला एक बाई येऊ लागली. चाळिशीला टेकलेली, लेकुरवाळी. खात्यात तेव्हा गाडीवर काम करणारी एकही स्त्री नव्हती. पहिल्या दोघी भरती झाल्या त्या थेट १९८६ साली. त्यामुळे ती आली की गराजमधली कुजबुज थांबत असणार, हे सांगायला नको.

ती पुढे येऊन चार वाक्यं बोलायची. मी तुमच्यावर नजर ठेवायला आलेली नाही, तुमचा अभ्यास करायला, तुम्हाला जोखायला आलेली नाही. सगळ्या पाळ्यांत आणि सगळ्या ऋतूंत तुमच्याबरोबर हे शहर पायी पालथं घालायला आले आहे, असा त्याचा आशय. मग ती एकेका माणसासमोर जायची, त्याच्या डोळ्यांत बघत हात पुढे करायची आणि म्हणायची, ‘न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल तुमचे आभार.’

पुढचा माणूस. पुन्हा हात, पुन्हा तेच वाक्य. असे साडेआठ हजार हात. २६ जून १९८० रोजी शेवटचा हात मिळवून झाला तेव्हा अकरा महिने उलटले होते. शहराचे एकोणसाठ विभाग दहा फेऱ्यांत धुंडाळून झाले होते. या सगळ्या खटाटोपाला तिने नाव दिलं होतं ‘टच सॅनिटेशन’. आणि ती त्याला कला म्हणत होती.

खरं सांगायचं तर मी याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात पाल चुकचुकली. कॅमेऱ्यापुरता झाडू हातात धरणारी, आधीच झाडलेल्या रस्त्यावर पालापाचोळा टाकून तो पुन्हा झाडणारी मंडळी आपण इतकी पाहिली आहेत की ‘कलावंत’ आणि ‘सफाई कामगार’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की हात आपोआप खिशाकडे जातो, पाकीट आहे ना बघायला. संशय फिटला तो अकरा महिने या आकड्याने. फोटोपुरतं आलेलं माणूस दुसऱ्या दिवशी सहाच्या हजेरीला येत नाही.

तिचं नाव मिर्ल लेडरमन युकेलीस. जन्म १९३९ चा, कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरातला. वडील सनातनी ज्यू धर्मगुरू. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या घरात दर शुक्रवारी सूर्यास्ताला तोच दिवा, तीच प्रार्थना, तोच विधी होतो, तिथल्या मुलीला ‘पुन्हा पुन्हा तेच करणं’ कंटाळवाणं वाटण्याऐवजी त्यात काहीतरी दडलेलं दिसू शकतं. हस्तांदोलनांच्या त्या मालिकेला त्यांनी ‘विधी’ हाच शब्द वापरला आहे.

न्यूयॉर्कला येऊन त्यांनी आधी पदवी घेतली, मग प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये कलाशिक्षण सुरू केलं. चिंध्या ठासून भरलेली, दोऱ्यांनी आवळलेली बोचकी त्या बनवत. शिक्षकांना त्यात अश्लीलता दिसली. वाद झाला. १९६८ साली पहिलं मूल झालं, आणि त्याआधी, पोट दिसू लागल्यावर, शिल्पकलेच्या शिक्षकाने भर वर्गात जाहीर करून टाकलं की आता काही तुझ्या हातून कला होणार नाही. आपल्याकडे हेच वाक्य जरा गोड आवाजात म्हणतात: आता संसार महत्त्वाचा.

त्यांनी आठवड्याचे दोन तुकडे केले. अर्धा आठवडा आई, अर्धा कलावंत. एका तुकड्यात दुसऱ्याची आठवण छळायची. ज्यांना गुरू मानलं होतं ते दुशाँ, पोलॉक, रॉथ्को स्वातंत्र्याच्या मोठमोठ्या गोष्टी शिकवून गेले होते, पण लंगोट कसे बदलायचे आणि ते बदलताना स्वातंत्र्याचं काय करायचं, याबद्दल त्यांच्यापैकी कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये एकदा बसल्या आणि थंड संतापाने एका बैठकीत चार पानं टंकलिखित केली. ‘मेन्टेनन्स आर्ट’चा जाहीरनामा.

मेन्टेनन्स हा शब्द आपल्याकडे सोसायटीच्या मासिक बिलावर येतो, आणि थकवणाऱ्यांची नावं जिन्याखालच्या फळ्यावर लिहिली जातात. त्याला मराठीत नेमका शब्द शोधायचा तर मला ‘उस्तवार’ आठवतो. घराची उस्तवार, म्हाताऱ्या माणसाची उस्तवार, गुराढोरांची उस्तवार. त्या शब्दातच कपाळावरचा घाम आहे, आणि किंचित कटकटही. युकेलीस यांचं म्हणणं असं की जगात दोन तऱ्हेची कामं असतात. एक, नवं घडवण्याचं: त्याला मान, पैसा, नाव. दुसरं, घडवलेल्याची उस्तवार करण्याचं: त्याला यांतलं काहीच नाही. त्यांनी क्रांतिकारकांनाच चिमटा काढला होता. क्रांती होऊन जाऊ द्या, पण त्यानंतरच्या सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार ते आधी सांगा, अशा अर्थाचा. आणि मी झाडते, पुसते, स्वयंपाक करते, पोरांचं करते; शिवाय, आतापर्यंत, वेगळी, ‘कला’ करते; यापुढे ही रोजची कामंच तेवढी करीन, ती सगळ्यांसमोर मांडीन आणि त्यांनाच कला म्हणेन, असा पवित्रा.

जाहीरनाम्याला जोडून एका प्रदर्शनाचा प्रस्ताव होता. कलावंत बाई सहकुटुंब संग्रहालयात मुक्कामाला येईल आणि तिथे घरकाम करील, हा एक भाग. नाना धंद्यांतल्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांना विचारलं जाईल की तुमच्या आयुष्यातला किती वेळ उस्तवारीत जातो, आणि स्वातंत्र्याचं काय, हा दुसरा. आणि तिसरा भाग असा, की एक गाडीभर कचरा, प्रदूषित हवा, हडसन नदीचं घाण पाणी आणि नासलेली जमीन संग्रहालयात आणून ती तिथेच शुद्ध केली जाईल. एकाही संग्रहालयाने हे अंगावर घेतलं नाही. जानेवारी १९७१ मध्ये जॅक बर्नहॅम या समीक्षकाने ‘आर्टफोरम’ मासिकातल्या लेखात जाहीरनाम्याचा काही भाग छापला, तेव्हा कुठे ही बाई चार लोकांना ठाऊक झाली. पण बघा, कचऱ्याची गाडी पहिल्या कागदावरच उभी होती. तिच्यापर्यंत पोचायला पुढे दहा वर्षं लागली.

त्या दहा वर्षांतल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय गराजमधल्या त्या हाताचा अर्थ लागणार नाही.

पहिली, फोटोंची. हिवाळ्यात मुलांना बाहेर न्यायचं म्हणजे मोजे, बूट, कोट, टोपी, हातमोजे. आणि परत आणलं की हे सगळं उलट क्रमाने उतरवायचं. या चढवण्या-उतरवण्याचे कृष्णधवल फोटो युकेलीस यांनी एका फळ्यावर ओळीने लावले आणि त्या फळ्याला साखळीने एक फडकं अडकवलं. फोटोंवर धूळ बसली तर पुसायला. बँकेत पेन जसं दोऱ्याने बांधलेलं असतं, तसं.

दुसरी गोष्ट, हार्टफर्डची. १९७३ च्या जुलै महिन्यात कनेक्टिकट राज्यातल्या वॉड्सवर्थ अथिनियम या जुन्या संग्रहालयात लूसी लिपर्ड यांनी जमवलेलं स्त्री-कलावंतांचं फिरतं प्रदर्शन आलं होतं. तिथे युकेलीस यांनी संग्रहालयाच्या दारातल्या पायऱ्या आणि आतली फरशी तासन् तास गुडघ्यांवर बसून धुतली. पुसायला बाळांचे लंगोट वापरले. संग्रहालयातले तज्ज्ञ जुन्या वस्तू पुसायला तसेच लंगोट वापरत असत. कुणी चालत आलं, पावलांचे ठसे उमटले, की ते पुन्हा पुसायचे. इतपत आपल्याला सवयीचं आहे. ओल्या फरशीवरून जाणाऱ्यावर ओरडणारी बाई प्रत्येक घरात असते.

त्याच महिन्यातला दुसरा प्रयोग मात्र मला आजही चकित करतो. संग्रहालयात इजिप्शियन ममी ठेवलेली काचपेटी होती. ती काच रोज एक सफाई कामगार पुसायचा. युकेलीस यांनी त्याच्याकडून काम समजावून घेतलं, मग स्वतः ती काच पुसली आणि तिच्यावर ‘मेन्टेनन्स आर्ट’चा रबरी शिक्का मारला. झालं! आता ती नुसती काच राहिली नाही, कलाकृती झाली. आणि कलाकृतीला हात लावायचा अधिकार सफाई कामगाराला नसतो, तो असतो जतनतज्ज्ञाला. तेव्हा पुढची पाळी तज्ज्ञाची: त्याने कलाकृतीची तपासणी करून काच पुसली. तेच फडकं, तीच काच, तीच धूळ. पहिल्याने केली ती झाडलोट, दुसरीने केली ती कला, तिसऱ्याने केलं ते शास्त्रीय जतन. पगार तिघांचे वेगळे. एक काच पुसून सबंध संस्थेची उतरंड उघडी करणारं असं दुसरं काम मला आठवत नाही.

मग त्यांनी पहारेकऱ्यांच्या किल्ल्या हाती घेतल्या आणि ठरावीक वेळेला दालनं, कार्यालयं बंद-उघडी करत फिरल्या. आतले अधिकारी हैराण. किल्ल्यांचा जुडगा रोज कुणाच्या तरी कंबरेला लटकत होताच, पण तो आजवर त्यांना ऐकू आला नव्हता.

तिसरी गोष्ट १९७६ ची. व्हिटनी संग्रहालयाची एक शाखा मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला ५५, वॉटर स्ट्रीट या प्रचंड कार्यालयीन इमारतीत होती. तिथे देखभालीवर तीनशे माणसं: फरशी पुसणारे, काचा धुणारे, लिफ्ट सांभाळणारे, पहारेकरी. युकेलीस यांनी प्रत्येकाला पत्र दिलं. रोजच्या कामातला कुठलाही एक तास निवडा आणि तो तासभर तुम्ही करताय ते कला आहे असं मनाशी धरा. काम बदलायचं नाही, वेग बदलायचा नाही. मग पोलरॉइड कॅमेरा घेऊन पाच आठवडे त्या दिवसपाळी-रात्रपाळीला इमारतभर हिंडल्या. फोटो काढायचा आणि विचारायचं: आत्ता हे काय चाललंय, काम की कला? माणूस सांगेल ती चिठ्ठी फोटोखाली. एकाच प्रकारच्या मॉपखाली एकीकडे ‘कला’ आणि दुसरीकडे ‘काम’. असे सातशेवीस फोटो भिंतीवर लागले. ठरवण्याचा हक्क, जो कला महाविद्यालयातल्या त्या शिक्षकाने स्वतःकडे ठेवला होता, तो त्यांनी मॉप धरणाऱ्याच्या हाती दिला.

यावर ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये डेव्हिड बूर्डन या समीक्षकाने लिहिताना एक टोमणा मारला. शहराची तिजोरी रिकामी आहे. तेव्हा सफाई खात्याने आपलं रोजचं काम ‘परफॉर्मन्स आर्ट’ म्हणून दाखवावं आणि कलेसाठीचं केंद्र सरकारचं अनुदान मिळवावं! युकेलीस यांनी ते कात्रण सफाई आयुक्तांना धाडून दिलं. थोड्याच दिवसांत आयुक्तांच्या कार्यालयातून फोन: दहा हजार माणसांबरोबर कला करायला आवडेल का? आलेच, म्हणाल्या. १९७७ पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या निवासी कलावंत झाल्या. पगार शून्य. बसायला जागा मिळाली, आणि दारं उघडी झाली.

तिजोरी रिकामी होती हे काही टोमण्यापुरतं नव्हतं. १९७५ मध्ये न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं होतं. हजारो सफाई कामगारांना एका फटक्यात घरी बसवलं गेलं, त्यावर उत्स्फूर्त संप झाला, भर उन्हाळ्यात रस्त्यांवर ढीग लागले. त्याआधी १९६८ च्या फेब्रुवारीत नऊ दिवसांच्या संपात साधारण एक लाख टन कचरा साचला होता. त्याच फेब्रुवारीत तिकडे मेम्फिस शहरात पावसापासून आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या भागात शिरलेले दोन कृष्णवर्णीय कामगार कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. त्यातून उठलेल्या संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग गेले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घातली गेली. अमेरिकेत कचऱ्याची गोष्ट ही अशी होती, युकेलीस गराजमध्ये शिरल्या तेव्हा.

त्या लगेच हात मिळवायला निघाल्या नाहीत. आधी दीड-दोन वर्षं खातं समजून घेतलं: गाड्या कशा सुटतात, फावडी-झाडू कुठे दुरुस्त होतात, कचरा तराफ्यांवर चढवून कसा नेतात, बर्फ पडलं की हीच माणसं नांगर लावून रस्ते कसे मोकळे करतात. नकाशे केले. मग फेऱ्या सुरू झाल्यावर रोज तारयंत्रावरून सगळ्या गराजांना संदेश जायचा, आज मी अमुक ठिकाणी आहे.

हात मिळवणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे पावलावर पाऊल. गाडीमागून चालायचं आणि कामगार जे करतो ते त्याच्या बाजूला उभं राहून शरीराने गिरवायचं. तो वाकला की वाकायचं, त्याने डबा उचलून गाडीच्या तोंडात रिकामा केला की तशीच कंबर वळवायची. आठ-आठ, कधी सोळा-सोळा तास. फोटोंत हे जरा हास्यास्पद दिसतं, कबूल. पण नृत्यगुरूंकडे शिष्य असंच शिकतो, आणि लहान मूलही. ज्या हालचालीला कुणी कौशल्य मानत नाही तिचं अनुकरण करायला गेलं की कळतं ती किती अवघड आहे.

आणि लोक बोलू लागले. हजेरीच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, गाडीच्या टपाजवळ. सगळ्यांत जास्त ऐकू आलेली तक्रार पगाराची नव्हती, पाठदुखीचीही नव्हती. लोक आम्हाला कचरा समजतात, ही होती. कचरेवाले आम्ही कसे? कचरा तर तुमचा. (हा विनोद आपल्याकडेही फिरतो: ‘आई, कचरेवाला आलाय’, ‘अगं, कचरेवाले आपण, तो सफाईवाला.’ विनोद म्हणून फॉरवर्ड करणं सोपं आहे.)

एका कामगाराने सांगितलेली गोष्ट अशी. ब्रुकलिनमध्ये काहिलीचा दिवस. सकाळपासून डबे उचलून दोघे जण थकले आणि एका घराच्या पायऱ्यांवर क्षणभर टेकले. दार उघडून घरची बाई बाहेर आली. उठा इथून, म्हणाली, घाणेरडे कचरेवाले, माझ्या पायऱ्यांना वास लागेल. एवढंच. सतरा वर्षं झाली, तो म्हणाला, ते वाक्य घशात अडकून बसलंय. आणि मग त्याने युकेलीस यांना विचारलं: हे तुम्ही सगळ्यांना सांगाल ना?

मी ज्या चाळीत वाढलो तिथे जिन्याखाली विजेच्या मीटरांची लाकडी पेटी होती. त्या पेटीवर एक जर्मनचा पेला पालथा घातलेला असायचा. झाडणारी बाई आली की तो पेला ती स्वतः घ्यायची, वरून कुणीतरी पाणी ओतायचं, ती पिऊन विसळून पुन्हा पालथा घालायची. कुणी तिला कधी ‘ऊठ’ म्हटल्याचं आठवत नाही, कारण ती कधी पायरीवर बसलीच नाही. आम्हा पोरांना चेंडू कुठेही गेला तरी काढायची मुभा होती, त्या पेल्याला हात लावायची नव्हती. का नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुणी विचारलं नाही.

म्हणून ‘टच’ हा शब्द मराठीत आणताना अडखळायला होतं. न्यूयॉर्कच्या त्या माणसांना समाज नाकाला रुमाल लावून टाळत होता, पण ते त्या कामात परीक्षा देऊन आले होते. त्यांची तगडी संघटना होती, निवृत्तिवेतन होतं, बरेच जण आयरिश आणि इटालियन वस्त्यांतले होते, आणि घरी जाऊन गणवेश उतरवला की ते शेजाऱ्यांसारखेच शेजारी. कामाचा वास अंघोळीने जात होता. आपल्याकडे तो आडनावाला लागतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रं काढली, ती पाहताना मॅनहोलमधल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघवत नाही ते एवढ्यासाठी, की त्याचा बापही याच खात्यात होता हे न सांगता कळतं. आणि झाडू हाती घेऊन केलेल्या ‘परफॉर्मन्स’चं म्हणाल, तर दिवसा गाव झाडून रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून भंडावणारे गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले, युकेलीस यांचा जाहीरनामा निघण्याच्या तेरा वर्षं आधी. बाबांना कुणी परफॉर्मन्स आर्टिस्ट म्हटलं असतं तर त्यांनी खराटा उगारला असता. पण माणसं जमवायची, काम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायचं आणि मग बोलायचं, हा क्रम दोघांचा एकच.

१९८४ मध्ये युकेलीस यांनी त्या कामगाराला दिलेला शब्द पाळला. रोनाल्ड फेल्डमन यांच्या मर्सर स्ट्रीटवरच्या कलादालनाच्या दर्शनी भागात त्यांनी त्या ब्रुकलिनच्या घराच्या पायऱ्या उभ्या केल्या. लांबलचक काचांवर सफाई कामगारांना आजवर ऐकाव्या लागलेल्या शिव्या नि विशेषणं लिहिली. आणि शहरातल्या नाना क्षेत्रांतल्या माणसांना बोलावून ती त्यांच्या हातांनी पुसून घेतली. हार्टफर्डच्या काचपेटीपासून ही काच अकरा वर्षांच्या अंतरावर होती.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, एक मिरवणूकही झाली. सहा यांत्रिक झाडूगाड्यांनी मॅडिसन अव्हेन्यूवर बॅले केला, म्हणजे चालकांनी कवायतीसारख्या वळणांनी गाड्या फिरवल्या. सोबत होती खरीखुरी कचरागाडी, पण दोन्ही बाजूंनी आरसे मढवलेली. ‘सोशल मिरर’. गाडी पुढून जाते तेव्हा फुटपाथवरच्या माणसाला तिच्यात आपणच दिसतो. तिचाच उल्लेख सगळीकडे होतो. मला ती युकेलीस यांच्या कामांतली सगळ्यांत चतुर आणि म्हणूनच जरा कमी आवडती वाटते. तिचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो. गाड्यांचे बॅले मात्र त्यांनी पुढे बरेच केले. जपानमध्ये एचिगो-त्सुमारी इथे २००३ मध्ये बर्फ काढणाऱ्या यंत्रांच्या चालकांकडून करून घेतलेला बॅले तर ऐन उन्हाळ्यात झाला, जेव्हा ती यंत्रं एरवी झोपलेली असतात.

आता कुणीही विचारील तो प्रश्न: यातून कामगारांना काय मिळालं? हस्तांदोलनाने पगार वाढत नाही. ‘टच सॅनिटेशन’ चालू होतं त्याच सुमाराला खातं तीनऐवजी दोन माणसांवर गाडी चालवण्याच्या खटपटीत होतं, आणि पुढे ते झालंही. दोघांनी तिघांचा भार उचलायचा, बदल्यात थोडा भत्ता. या व्यवहारात कलावंताचा हात कुठेच नव्हता. शिवाय फोटो, नकाशे आणि तारसंदेश आज संग्रहालयांत आहेत. २०१६ मध्ये क्वीन्स म्युझियममध्ये त्यांच्या सबंध कारकिर्दीचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा आधीच्या सत्तेचाळीस वर्षांचं काम तिथे मांडलेलं होतं. त्या फोटोंतल्या बहुतेक माणसांची नावं प्रेक्षकाला कळत नाहीत.

हा आक्षेप मला टाळता येत नाही. मुंबईचं उदाहरण घ्या. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या दोन हजार सातशे कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश औद्योगिक न्यायाधिकरणाने दिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाला वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी झिजवावी लागली. मुद्दा काय होता? तर ही माणसं महापालिकेची कामगारच नाहीत, असा दावा. रोज सकाळी चौकीवर येणारा माणूस हजेरीपटावर नाही! तेव्हा आपल्याकडे कुणी कलावंत असा हात पुढे करत निघाला, तर साडेआठ हजार हा आकडा आणणार कुठून, हाच पहिला प्रश्न. यादी कुणाची धरायची? पालिकेची, ठेकेदाराची, की संस्थेच्या नावाखाली ‘स्वयंसेवक’ म्हणून झाडणाऱ्यांची? युकेलीस यांच्या हाती नावांची यादी होती. ती यादी मिळवून ठेवली होती संघटनेने, त्यांच्या आधी.

तरीही अकरा महिने उरतातच. युकेलीस नुसत्या तेवढ्यावर थांबल्या असत्या तर वेगळं. त्या तिथेच राहिल्या. स्टेटन आयलंडवरचं फ्रेश किल्स हे कचऱ्याचं मैदान, बावीसशे एकरांचं, १९४८ पासून शहराचा कचरा पोटात घेत होतं. १९८९ मध्ये त्या जागेसाठी कलावंत म्हणून त्यांची नेमणूक झाली. मैदान बंद झालं मार्च २००१ मध्ये. सहा महिन्यांनी जुळे मनोरे कोसळले आणि त्यांचा ढिगारा तपासायला याच मैदानावर आणला गेला. आता टेकड्यांवर माती नि गवत आहे, खालचा मिथेन नळ्यांनी काढून घेतात, उद्यानाचा उत्तरेकडचा पहिला भाग २०२३ मध्ये लोकांसाठी खुला झाला. चौतीस वर्षं! कचरा कुजायला लागतो तेवढा वेळ कलावंतानेही द्यायचा, असा काहीसा हिशोब. खात्यानेही त्यांच्यावरून धडा घेतला असावा. २००६ पासून रॉबिन नेगल या मानववंशशास्त्रज्ञ तिथे ‘निवासी’ झाल्या. त्या तर रीतसर परीक्षा देऊन गाडीवर चढल्या, आणि त्यावर त्यांनी २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं.

२०२० मध्ये करोनाने न्यूयॉर्कला वेढलं तेव्हा युकेलीस एक्क्याऐंशीच्या घरात होत्या. हात मिळवायची सोय नव्हती. त्या सप्टेंबरात क्वीन्स म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर, टाइम्स स्क्वेअरच्या पडद्यावर आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत त्यांच्या अक्षरांत सेवा कामगारांना आभाराचं पत्र झळकलं. वाक्य चाळीस वर्षांपूर्वीचंच. आपण त्या वर्षी थाळ्या वाजवल्या होत्या, एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता, पाच मिनिटं. आमच्या सोसायटीत त्याच आठवड्यात झाडणाऱ्या बाईला लिफ्ट बंद केली होती.

हा लेख लिहायला घेतला त्या आठवड्यात, एका सोमवारी, मी साडेसहाला खाली उतरलो. आमच्या गल्लीत झाडणारी बाई, वयाने माझ्याहून लहान, केशरी जाकीट, डोक्याला रुमाल, फाटकापाशी सुपल्यात कचरा लोटत होती. नऊ वर्षं तिला बघतोय. नाव ठाऊक नाही. काय बोलायचं ते जिन्यातच ठरवून आलो होतो. जवळ गेलो, हात पुढे करावा म्हणून किंचित उचलला. तिने लगेच खराटा भिंतीला टेकवला, जाकिटाला तळवे पुसले आणि माझ्यामागे जिन्याकडे बघत विचारलं,

‘काका, कुठल्या मजल्यावर? काय उचलायचंय?’